जिप्सीची ट्रान्सफर केस : उतरवणं, उघडणं, पुन्हा जुळवणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझी गाडी १९९८ची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली. तिची ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी गिअरची पेटी, मी दोनदा उतरवली. पहिल्यांदा उगाच, दुसऱ्यांदा गरज पडली म्हणून. खालची बरीचशी उत्तरं त्या पहिल्या उगाचमधून आलेली आहेत.

हे सगळं कुठल्या गाड्यांना लागू पडतं?

मारुती जिप्सीला. १९८५च्या डिसेंबरात आलेली ९७० सीसीची एमजी४१०, १९९३ नंतरची रुंद ट्रॅकची ४१०डब्ल्यू आणि १९९६पासूनची १३०० सीसीची एमजी४१३डब्ल्यू, म्हणजे किंग. मूळ गाडी सुझुकीची एसजे. अमेरिकेत हीच समुराय नावाने विकली गेली, त्यामुळे समुरायचं वर्कशॉप मॅन्युअल हाती लागलं तर ट्रान्सफर केसचं प्रकरण जवळजवळ जसंच्या तसं उपयोगी पडतं.

महिंद्राच्या जुन्या जीपवाल्यांनी मात्र इथलं काही आंधळेपणाने करू नये. त्यांची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच चिकटलेली असते. जिप्सीची वेगळी, चासीला तीन रबरांवर टांगलेली. गिअरबॉक्स आणि ती यांच्यामध्ये एक आखूड प्रोपेलर शाफ्ट (ताकद नेणारी फिरती नळी) आहे. म्हणून गिअरबॉक्सला हात न लावता ती एकटी खाली घेता येते.

मी फोर व्हील वर्षातून एकदाही लावत नाही. मग माझी ट्रान्सफर केस खराब कशी होईल?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि यातला गैरसमज सगळ्यात महाग पडतो.

बऱ्याच फोर व्हील गाड्यांत साध्या रस्त्यावर ताकद ट्रान्सफर केसमधून सरळ आरपार जाते, एकास एक. जिप्सीत तशी सोयच नाही. गिअरबॉक्सकडून आलेला इनपुट गिअर काउंटर गिअरला (मधल्या गिअरला) फिरवतो, काउंटर गिअर मागच्या आउटपुट शाफ्टवरच्या गिअरला. टू-एचमध्येसुद्धा (दोन चाकं, हाय; हाय म्हणजे रोजचा वेग, लो म्हणजे सावकाश पण जास्त जोर). किंगमध्ये हायचा रेशो १.४०९ आहे आणि लोचा २.२६८, ४१०मध्ये १.५८० आणि २.५११. म्हणजे तुम्ही पुण्याहून साताऱ्याला डांबरी रस्त्याने गेलात तरी काउंटर शाफ्टवरची नीडल बेअरिंग सगळा वेळ भार खात फिरत होती. फोर व्हीलचा दांडा फक्त पुढचा आउटपुट जोडतो आणि हाय-लो बदलतो.

आणि एवढ्या कामाला आत तेल किती? जेमतेम ०.८ लिटर. सीलमधून दोन-तीन महिने थेंब थेंब गळालं की अर्धं संपलेलं असतं, आणि खाली डाग दिसला तरी मालक म्हणतो, जुनी गाडी आहे, गळायचंच.

आवाज येतोय. गिअरबॉक्सचा, ट्रान्सफरचा की मागच्या डिफरन्शियलचा, कसं ओळखायचं?

सपाट जागा, चारही चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे. ठोकळे विसरू नका. ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलला असला की गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवूनही धरून राहत नाही, उतारावर सरळ निघते.

आता ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, गिअरबॉक्स तिसऱ्यात टाकून क्लच सोडा. या अवस्थेत गिअरबॉक्स, आखूड शाफ्ट आणि ट्रान्सफरचे गिअर फिरतात. आउटपुट शाफ्ट, लांब प्रोपेलर शाफ्ट आणि दोन्ही डिफरन्शियल स्थिर. आवाज आला तर तो मागचा नाही, एवढं नक्की. मग गिअरबॉक्सही न्यूट्रलला आणा. आवाज बंद झाला तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक केसला आणि मूठ कानाला लावून, पुन्हा तिसऱ्यात टाकून ऐका. खरखर असेल तर बेअरिंग. नुसती सुरेल शिट्टी असेल तर घाबरू नका, तिच्याबद्दल शेवटी सांगतो.

उभ्या गाडीत भार नसतो, त्यामुळे सैल झालेलं बेअरिंग इथे गप्प बसू शकतं. रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला की एक आवाज, सोडला की दुसरा, असं होत असेल तर संशय कायम ठेवा.

गाडी जागेवरून निघताना खाली "धाड्" होतं, चाळीस-पन्नासला सगळी बॉडी थरथरते. केस उघडायची का?

थांबा. माझी पहिली वेळ हीच.

मी दोन रविवार घालवले, केस उतरवली, उघडली, आतले गिअर पाहिले तर चकचकीत. पुन्हा बंद केली, बसवली, थरथर तशीच. मग शेजारचे एक निवृत्त एसटी मेकॅनिक काका आले, गाडीखाली आडवे झाले, पहार घातली आणि केस हलवून दाखवली. तीनपैकी एक रबर धातूपासून सुटून नुसतं जागेवर बसलेलं होतं. बाहेरून अगदी शहाण्यासारखं दिसत होतं. काका काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघून पहार खाली ठेवली.

तेव्हा आधी बाहेरचं सगळं संपवा: तिन्ही रबर माउंट पहारीने उचकून पाहा, रबराला चीर किंवा तेलाने आलेला मऊपणा आहे का बघा. मग तिन्ही शाफ्टचे क्रॉस (टोकांचे वळते सांधे) हाताने पिळा. आखूड शाफ्टचे क्रॉस सगळे विसरतात कारण तिथे हात नीट जात नाही. मग फ्लँजचे (शाफ्ट जिथे जोडतात त्या चकत्यांचे) बोल्ट. एवढ्यात काही सापडलं नाही तरच पुढचं वाचा.

फोर-एलमध्ये चढावर दांडा सुटून न्यूट्रलला येतो.

पहिला संशय पुन्हा त्याच रबरांवर. भार आला की केस पिळते, दांडा फ्लोअरच्या कापलेल्या कडेला टेकतो आणि गाडीच त्याला ढकलून बाहेर काढते. दांड्याचा रबरी बूट काढून कडेला घासल्याची चमक आहे का पाहा. नसेल तर खटक्याची (दांडा जागी धरणारी) स्प्रिंग मेलेली, फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा) झिजलेला, किंवा स्लीव्हचे (गिअर जोडणाऱ्या कड्याचे) आणि गिअरचे दात गोल झालेले. शेवटचं असेल तर खर्चाची तयारी.

आत काय बिघडलंय याचा अंदाज न उघडता येतो का?

तेल सांगतं. पण खालचा ड्रेन प्लग सोडायच्या आधी वरचा भरायचा प्लग सुटतो का ते बघा. तेल काढून मोकळे झालात आणि वरचा प्लग गोल झाला, तर गाडी जागची हलणार नाही.

तेल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात घ्या. ड्रेन प्लगवर काळपट मलम असेल तर तो वयाचा भाग, पुसून टाका. तेल उन्हात धरल्यावर जरीसारखं चमकत असेल तर बेअरिंगचा वरचा थर निघायला लागलाय. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर गाडी तिथेच उभी करा. दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय.

पाणी जातं कसं?

तासभर चालून केस तापलेली असते. कोकणात पावसाळ्यात ओढ्यात घातली की एकदम गार होते, आतली हवा आकसते आणि ब्रीदर (केसला हवा खेळायचं भोक) किंवा थकलेल्या सीलमधून पाणी ओढलं जातं. पाण्यात उतरायच्या आधी दहा मिनिटं थांबलात तर बरंच वाचतं. त्या घाईत कोणी थांबत नाही, मीही नाही. निदान परत आल्यावर तेल बघावं.

घरी जमण्यासारखं काम आहे का?

उतरवणं जमतं. उघडणंही जमतं. बेअरिंग काढणं-बसवणं यासाठी पुलर आणि प्रेस लागते, तेवढं जवळच्या लेथवाल्याकडून करून घ्या. हातोडीने ठोकून बसवलेल्या बेअरिंगला पहिल्या दिवसापासून खड्डे पडतात. बाकी लागणाऱ्या वस्तूंत चांगला सर्क्लिप पक्कड, पितळी दांडी, भक्कम घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) आणि फ्लँज धरायला दोन भोकं पाडलेली लोखंडी पट्टी. ही पट्टी फ्लँजला दोन बोल्टांनी बांधायची आणि तिचं टोक जमिनीला टेकवून मधला नट सोडायचा. मी आधी पाइप रेंचने फ्लँज धरायचा प्रयत्न केला होता. त्याचे दात फ्लँजवर अजून आहेत.

पहिल्या वेळी दोन शनिवार-रविवार धरा. आणि कामावर गाडी लागत असेल तर सुरूच करू नका.

उतरवायचा क्रम काय?

बॅटरीची निगेटिव्ह काढा. आतून दांड्याचा बूट आणि दांडा. मग गाडी घोड्यांवर, नुसत्या जॅकवर कधीही नाही, आणि ट्रान्सफरचं तेल खाली.

तिन्ही शाफ्टच्या फ्लँजवर आणि त्याच्या जोडीदारावर पंचने खूण करा. खडूची खूण रॉकेलने जाते. शाफ्ट जसे होते तसेच परत लागले नाहीत तर तोल बिघडतो आणि तुम्ही नव्या केसमध्ये जुनी थरथर शोधत बसता. मागचा, पुढचा, मग आखूड. आखूड शाफ्टचं पुढचं टोक गिअरबॉक्सच्या शेपटीत सरकवलेलं असतं. ते ओढलंत की गिअरबॉक्सचं तेल बाहेर येतं. एक तर ते आधी काढून ठेवा, नाहीतर शेपटीला प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड तयार ठेवा. काही जुन्या गाड्यांत हॅण्डब्रेकचा ड्रम चाकांवर नसून ट्रान्सफरच्या मागच्या आउटपुटवर असतो. तुमच्यात तसा असेल तर त्याची केबल सोडायची, आणि तेवढा वेळ गाडीला हॅण्डब्रेक नाही हे घरच्यांनाही सांगायचं.

स्पीडोमीटरची केबल याच केसला लागते, ती काढा. फोर व्हीलच्या दिव्याची वायरही. मग केसखाली जॅक, त्यावर लाकडी फळी, आणि माउंटचे नट शेवटी. दोन माणसं हवीतच. आकार लहान दिसतो म्हणून एकट्याने छातीवर झेलायला जाऊ नका. ॲल्युमिनियमच्या कवचात सगळं भरीव पोलाद आहे.

उघडण्याआधी बाहेरून डिझेल आणि ब्रशने धुऊन घ्या. वीस वर्षांचा चिखल आत पडला तर नव्या बेअरिंगचा काय उपयोग.

उघडल्यावर आधी काय पाहू?

काउंटर शाफ्ट. बाकी सगळं नंतर.

खटक्यांचे बोल्ट, स्प्रिंगा आणि गोळ्या आधी काढून वेगळ्या डबीत ठेवा, कुठली कुठून निघाली ते लिहून. मग कवचाचे भाग वेगळे होतात. कडेला स्क्रू ड्रायव्हर घालून उचकू नका, ॲल्युमिनियमला ओरखडा गेला की तिथून आयुष्यभर गळतं. रबरी हातोडीने चारी बाजूंनी हळूहळू.

काउंटर शाफ्ट एका छोट्या पट्टीने अडकवलेला असतो; पट्टी काढून तो बाहेर सरकवा. कापडाने पुसा, खिडकीशी न्या, आणि जिथे नीडल बेअरिंग फिरतं तिथून अंगठ्याचं नख लांबीच्या दिशेने नाही, आडवं गोलाकार फिरवा. चांगला शाफ्ट काचेसारखा लागतो. माझ्या दुसऱ्या वेळी नख कट-कट-कट करत अडकत होतं, घड्याळाच्या किल्लीसारखं; आणि ते सगळं एकाच बाजूला, जिकडे भार येतो तिकडे. दुसरी अर्धी बाजू नवीकोरी. डोळ्यांना फक्त फिकट राखाडी पट्टा दिसत होता. नुसतं डोळ्यांनी पाहणाऱ्याने तो तसाच परत घातला असता, नवीन बेअरिंगसकट, आणि सहा महिन्यांत पुन्हा खाली झोपला असता.

नख अडकलं की शाफ्ट आणि बेअरिंग दोन्ही बदला. आणि काउंटर गिअरचं भोक आतून त्याच नखाने तपासा. तेही गेलं असेल तर गिअरही.

मग बाकीचं. गिअरच्या दातांवर खड्डे, स्लीव्हच्या दातांची टोकं, फोर्कची जाडी, थ्रस्ट वॉशर. बॉल बेअरिंग धुऊन, वाळवून, एक थेंब तेल घालून हाताने फिरवा. धुतल्यावर हवेच्या पाइपने गरगरा फिरवायची हौस करू नका.

काय न बघता बदलायचं?

सगळे ऑइल सील, काउंटर शाफ्टची ओ-रिंग, पॅकिंग. एवढं उघडलंच आहे तर बेअरिंगही. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. दुकानात "जिप्सीचं द्या" म्हणण्यापेक्षा तो नंबर सांगा आणि नामांकित कंपनीचं मागा. अर्ध्या भावात चकचकीत खोक्यात मिळणारं बेअरिंग मी एकदा घेतलं होतं. ते पावसाळा पाहू शकलं नाही.

नवीन सील टाकला तरी पंधरा दिवसांत गळायला लागलं.

सीलची चूक नाही. फ्लँजच्या ज्या भागावर सीलचा ओठ घासतो तिथे खाच पडलीय. नवा सील त्याच खाचेत बसतो. टर्नरकडे नेऊन तिथे पातळ स्लीव्ह चढवून घ्या किंवा फ्लँज बदला. तात्पुरतं करायचं असेल तर सील एक-दीड मिलिमीटर आतबाहेर बसवून ओठ न झिजलेल्या जागी आणता येतो. बसवताना ओठाला ग्रीस लावायला विसरू नका, कोरडा सील पहिल्याच फेरीत जळतो.

पूर्ण जुनी केस आणून बसवली तर?

आतले गिअर गेले असतील तर हाच शहाणपणाचा मार्ग. मुंबईत कुर्ल्याला किंवा तुमच्याकडच्या भंगारवाल्याकडे शोधा. पण विकणाऱ्याला बऱ्याचदा ४१०ची की ४१३ची हेच माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी तो तुम्हाला हवी तीच आहे म्हणतो. त्याच्या दुकानातच मोजा: दांडा टू-एचला, मागच्या फ्लँजवर खडूची रेघ, आणि इनपुट हाताने फिरवा. मागचे १० फेरे व्हायला इनपुटचे १४ लागले तर किंगची. १६च्या जवळ गेले तर ४१०ची. फिरवताना हाताला खरखर लागते का तेही कळतं. मग इनपुटची फ्लँज धरून वरखाली हलवा. जाणवण्याइतकी हलली तर भाव अर्धा करा किंवा निघून या.

किंगमध्ये मुद्दाम ४१०ची केस टाकतात म्हणे?

टाकतात, मोठी टायर लावलेले लोक. हायमध्ये गिअरिंग सुमारे १२ टक्क्यांनी खाली येतं, लोमध्ये ११. चढ सोपा होतो, हायवेवर इंजिन त्याच वेगाला तेवढंच जास्त फिरतं. स्पीडोमीटर आउटपुट शाफ्टवरून चालतो, त्यामुळे केस बदलल्याने काटा चुकत नाही. टायर बदलल्याने चुकतो. फ्लँजची भोकं आणि माउंटचे हात जुळतात का ते विकत घ्यायच्या आधी मोजा. कंपनीच्या टायरवर चालणाऱ्या गाडीला हा उद्योग कशाला, मला कळत नाही.

जोडताना काय चुकतं?

चिकटवणी. बोटभर जाड लावतात, ती आत ओघळते, तुटते आणि तेलात फिरत राहते. दोन्ही कडा थिनरने पुसून पातळ एक रेघ पुरे.

ॲल्युमिनियमच्या भोकात बेअरिंग जाम जात असेल तर कवच हॉट एअर गनने हाताला चटका बसेल इतपत तापवा आणि बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. आमच्याकडे ते मटारच्या पिशवीशेजारी होतं. तीन पिशव्यांत गुंडाळलेलं होतं, तरी त्या आठवड्याच्या मटार उसळीवर घरात चर्चा झाली.

बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. ड्रेन प्लग तर विशेष. हात जड असलेल्या माणसाने तो "अजून थोडा" आवळला की कवचाचे आटे निघून हातात येतात.

बंद केल्यावर, गाडीला लावायच्या आधी, टेबलावरच दांडा टू-एच, फोर-एच, न्यूट्रल, फोर-एल असा चारही जागी टाकून इनपुट हाताने फिरवा. फोर-एचमध्ये पुढची-मागची दोन्ही फ्लँज फिरली पाहिजेत. न्यूट्रलला ती जोरात ओढली जाता कामा नयेत. गाडीखाली चढवल्यावर कळलं की गोळी उलटसुलट बसलीय, तर रडू येतं.

कुठलं तेल?

८०डब्ल्यू-९०, जीएल-४, सपाट जागेवर गाडी उभी करून भोकातून ओघळेपर्यंत. ज्यांनी आखूड शाफ्ट काढला त्यांनी गिअरबॉक्सचंही तपासा.

मिस्त्रीकडे दिली तर काय सांगू?

एकच: निघालेले सगळे भाग मला पिशवीत परत हवेत. एका गॅरेजने माझ्या मित्राला बेअरिंग "बदलून" दिली होती. बिलावर चार, पिशवीत शून्य. कारण विचारल्यावर "भंगारवाला घेऊन गेला". शक्य असेल तर केस उघडल्यावर अर्धा तास जाऊन काउंटर शाफ्टवर स्वतःचं नख फिरवून या.

बसवल्यानंतर लगेच फोर व्हील लावून बघू का?

बघा, पण मातीवर किंवा वाळूत. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये मधलं डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, डांबरावर ती घसरू शकत नाहीत, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफरमध्ये साठतो. दांडा मग फोर-एचमधून बाहेर यायला तयार होत नाही आणि लोकांना वाटतं आत काही अडकलं. चार-पाच मीटर सरळ मागे घ्या, पीळ सुटतो, दांडाही. पुढचे दोन नवे आणि मागचे दोन गुळगुळीत टायर असतील तर सरळ रस्त्यावरही हाच त्रास.

पहिले ५० किलोमीटर झाल्यावर केसला हात लावून बघा. गरम असणारच, पण हात टेकवताच येत नसेल तर उभी करा. ५०० किलोमीटरनंतर मी तेल पुन्हा बदलतो; ०.८ लिटरचा खर्च तो काय.

सफारीची गाडी आहे. किलोमीटर कमी पडतात, मग तेल कधी बदलू?

ताडोबा किंवा पेंचच्या गाड्यांना किलोमीटरचा हिशेब लावूच नका. दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, धुळीत, थांबत-चालत. हंगाम संपून पावसाळ्यात जंगलाचा गाभा (कोअर भाग) बंद झाला की बदला आणि अर्ध्या हंगामात एकदा पातळी बघा. ब्रीदर मातीने बुजलेला असतो, तो दर वेळी साफ करा. बुजला की आतली गरम हवा सील ढकलून बाहेर पडते, आणि मग नव्या सीललाही दोष दिला जातो.

सगळं नवीन टाकलं. आता आवाज पूर्ण जाईल ना?

खरखर जाईल, धाड् जाईल. शिट्टी राहील. गिअरमधून कायम ताकद जाणार म्हटल्यावर ती येणारच, शोरूममधून निघालेल्या गाडीलाही होती. माझ्या गाडीला साठच्या पुढे अजून ऐकू येते. काचा लावल्या की कमी होते. हूडवाली जिप्सी असेल तर तेवढीही सोय नाही.